तोफा आल्या, तरी खंदक का राहिला? फ्लँडर्समधला पाण्यातला वाडा समजून घेताना

पावसाळ्यात एका भिंतीला ओल धरली तरी आपल्याकडे घरभर चर्चा होते. त्यामुळे बेल्जियमला फिरायला गेलेल्या कुणी चारी बाजूंनी पाण्यात उभ्या असलेल्या वाड्याचा फोटो पाठवला, की आपल्याला पहिला प्रश्न पडतो तो सौंदर्याचा नसतो. घर पाण्यात बांधायचं खूळ कुणाच्या डोक्यात आलं, आणि ते अजून उभं कसं?

दुसरा प्रश्न जरा उशिरा सुचतो, पण तो जास्त अवघड आहे. फोटो मोठा करून पाहिला की गोल मनोरे, पूल, खंदक, वेशीसारखा दरवाजा असं किल्ल्याचं सगळं साहित्य दिसतं. खिडक्या मात्र ऐसपैस, भरपूर उजेड आत घेणाऱ्या. किल्ला म्हणावा तर एवढ्या खिडक्या कशा? आणि घर म्हणावं तर खंदक कशाला?

या लेखात दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधू. उदाहरण म्हणून मुख्यतः एकच वास्तू घेऊ: गेंट शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे १५ किलोमीटरवर, लेये नदीच्या वळणात उभा असलेला ओयडोंक. आजचा ओयडोंक १५९५ च्या सुमारास उभा राहिला. त्या वेळी अशा किल्ल्यांचा जमाना संपून शंभरेक वर्षं झाली होती. तरी त्याच्याभोवती पाणी आहे. खरी गंमत तिथेच आहे.

आधी जमीन पाहू

फ्लँडर्स म्हणजे आजच्या बेल्जियमचा उत्तरेकडचा, डच बोलणारा भाग. मध्ययुगात याच्या पश्चिमेला फ्लँडर्सच्या काउंटचं राज्य होतं आणि पूर्वेला ब्राबांटच्या ड्यूकचं. आज दोन्हीकडचे वाडे सरसकट 'फ्लेमिश' म्हणवले जातात, म्हणून ब्राबांटमधली उदाहरणंही पुढे येतील.

किल्ला म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. कडा तासायचा, माची बांधायची, वर बालेकिल्ला. शत्रूचा अर्धा दम चढणीतच निघतो. फ्लँडर्समध्ये कडाच नाही. मैलोन् मैल सपाट जमीन, हळू वाहणाऱ्या नद्या, चिखल, कुरणं. तिथले सगळे किल्ले आपल्या भाषेत भुईकोट. उंचीची जागा मग तिथे पाण्याने घेतली.

पाणी किती कामाचं आहे, हे ११ जुलै १३०२ रोजी कोर्ट्रेक शहराबाहेर साऱ्या युरोपला दिसलं. फ्रान्सच्या राजाचे चिलखती घोडेस्वार एका बाजूला, फ्लँडर्सच्या शहरांतले विणकर, खाटीक आणि इतर कारागिरांचं पायदळ दुसऱ्या बाजूला. मधे ओढे आणि दलदल. ओढे ओलांडताना घोड्यांचा वेग मोडला, रांगा विस्कटल्या, आणि भाले-सोटे घेतलेल्या पायदळाने सरदारांना लोळवलं. मेलेल्या सरदारांच्या सोनेरी टाचा, म्हणजे घोड्याला टोचायला बुटांना लावलेल्या धातूच्या आरा, गोळा केल्या गेल्या, म्हणून ती 'सोनेरी टाचांची लढाई'. फ्लँडर्समध्ये ११ जुलैला आजही अधिकृत सण असतो.

पुढे, ऑक्टोबर १९१४ च्या शेवटी, बेल्जियन सैन्याने न्यूपोर्टला समुद्राचं पाणी अडवणारी दारं उघडून इझर नदीकाठचा सगळा सखल पट्टा बुडवला आणि जर्मन फौजेची आगेकूच तिथे थांबवली. तीच युक्ती, फक्त मोजमाप वेगळं.

पाणी आणलं नाही, लागलं

खंदकात पाणी कुठून भरलं, असं लोक विचारतात. बहुतेक ठिकाणी मुद्दाम भरावंच लागलं नाही. विहीर खणताना ठराविक खोलीवर झरा लागतो आणि पाणी आपोआप साठतं, तसंच इथे. फरक एवढाच की फ्लँडर्सच्या नदीकाठी ही खोली माणसाच्या कमरेइतकीही नसते. गोल किंवा चौकोनी चर खणला की खंदक तयार. त्यातून निघालेली माती मधे टाकली की उंचवटाही तयार. एका कामात दोन कामं.

सुरुवातीच्या, म्हणजे ११ व्या-१२ व्या शतकातल्या अशा जागी मधे मातीची टेकडी, वर लाकडी बुरूज आणि भोवती चर एवढंच असे. दगडी बांधकाम सगळ्यांना परवडत नव्हतं. ज्याला परवडलं त्याने ते दाखवलंही. गेंट शहरातला ग्राव्हेन्स्टेन हा किल्ला काउंट फिलिपने ११८० मध्ये असाच, शहरातल्या श्रीमंत व्यापाऱ्यांच्या उंच दगडी घरांवर वचक बसावा इतका भव्य बांधला.

खेड्यांतल्या जहागीरदारांनी जागा निवडताना आणखी एक गोष्ट पाहिली. पाणथळ भागात मधेच वाळूचा एखादा उंचवटा असतो. स्थानिक लोक त्याला 'डोंक' म्हणतात, आणि ओयडोंकच्या नावातला डोंक तोच. भोवती दलदल, मधे कोरडी जमीन: निम्मं काम निसर्गानेच केलेलं.

पाण्याची पातळी मात्र राखावी लागे. जवळच्या ओढ्यातून पाणी आत घेणारा एक पाट, जादा पाणी नदीत सोडणारं एक दार, एवढी व्यवस्था पुरे. पण गाळ सतत साचतो आणि तो उपसावा लागतो. हे काम कुळांच्या डोक्यावर पडायचं, हे सांगायला नको.

असा वाडा बहुधा दोन बेटांवर असे. एका बेटावर मालकाचं घर आणि दुसऱ्या, मोठ्या बेटावर गोठे, कोठारं, घोडे, नोकरांची घरं. दुसऱ्या बेटावरून पूल ओलांडूनच पहिल्यावर जाता येई. फोटोत सहसा मालकाचं बेट येतं. वाडा जगत होता तो दुसऱ्या बेटाच्या जिवावर.

खंदक नेमकं काय अडवतो?

पोहून जाणाऱ्या माणसाला अडवणं हा खंदकाचा मुख्य उपयोग नव्हे. हे खंदक फार खोलही नसत. मध्ययुगातल्या वेढ्यात तट ओलांडायचे किंवा पाडायचे तीन मुख्य मार्ग होते. शिड्या लावून चढायचं, चाकांवरचा लाकडी मनोरा ढकलत तटाला भिडवायचा, किंवा जमिनीखालून भुयार खणून तटाचा पाया पोकळ करायचा. तिसरा सगळ्यांत भयंकर, कारण आतल्यांना तो दिसत नाही. पाण्याचा खंदक असला की भुयार बुडतं, चाकांचा मनोरा काठावर अडतो आणि शिडी चिखलात रुतते. म्हणजे दहा-पंधरा मीटर रुंदीच्या गढूळ पाण्याने वेढ्याचं निम्मं शास्त्र निकामी व्हायचं.

हिवाळ्यात मात्र पंचाईत. पाणी गोठलं की शत्रू सरळ चालत येऊ शकतो. अशा वेळी आतल्या लोकांना बर्फ फोडत बसावं लागे.

एरवी हेच पाणी घरच्या कामाला यायचं. त्यात मासे पाळले जात. ख्रिस्ती उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासे चालत, म्हणून घरचे मासे ही मोठी सोय. आग लागली तर पाणी हाताशी. आणि तटातल्या शौचकुपांचं भोकही थेट खंदकातच उघडत असे. फोटोतलं ते निळंशार प्रतिबिंब १४ व्या शतकात कसं वासत असेल, याची कल्पना करायला हरकत नाही. पुरातत्त्वज्ञांना मात्र त्या गाळाचं भारी कौतुक. हवा न लागल्याने चामड्याचे जोडे, लाकडी ताटं, फळांच्या बिया शेकडो वर्षं त्यात टिकून राहतात.

लढाऊ पाणकिल्ल्याचा शुद्ध नमुना पाहायचा तर ब्रसेल्सच्या दक्षिणेला बेर्सेल आहे. १३०० ते १३१० च्या दरम्यान, ब्रसेल्सच्या रक्षणासाठी बांधलेला. विटांचे तीन जाडजूड बुरूज, त्यांना जोडणारा तट, भोवती पाणी. प्रत्येक बुरूज बाहेरून गोल आहे, म्हणजे दगडगोळा आदळला तर निसटावा. आतल्या चौकाकडची बाजू मात्र सपाट आणि राहण्याजोगी. तटाला जंग्या आहेत, आणि खाली भिडलेल्या शत्रूवर वरून मारा करण्यासाठी बाहेर काढलेले सज्जेही. खिडकी म्हणावी असं बाहेरच्या बाजूला जवळजवळ काही नाही. ओयडोंकशी तुलना करताना हे लक्षात ठेवा.

इतकं करूनही बेर्सेल अजिंक्य नव्हता. १३५६ मध्ये ब्राबांटच्या वारसायुद्धात त्याचं नुकसान झालं. १४८९ मध्ये ब्रसेल्सने या प्रदेशाचा कारभार हाती असलेल्या हाब्सबुर्ग घराण्याच्या माक्सिमिलियनविरुद्ध बंड केलं तेव्हा बेर्सेलचा मालक माक्सिमिलियनच्या बाजूने राहिला. ज्या शहराच्या रक्षणासाठी किल्ला बांधला, त्याच शहराने वेढा घालून तो घेतला, लुटला आणि जाळला.

पाया कुजत कसा नाही?

मऊ जमिनीवर जड इमारत उभी करताना जुने गवंडी खाली लाकडी खांब ठोकत, ओक किंवा आल्डर या झाडांचे. लाकूड पाण्यात कुजतं अशी आपली समजूत आहे. पण कुजवते ती बुरशी, आणि तिला पाण्याबरोबर हवाही लागते. खांब कायम पाण्याखाली राहिला तर हवा मिळत नाही, आणि लाकूड शतकानुशतकं टिकतं. धोका असतो तो ओलं-कोरडं, ओलं-कोरडं होणाऱ्या पट्ट्यात.

भिंतींचा प्रश्न वेगळा. वीट पाणी वर शोषून घेते, त्याबरोबर क्षार चढतात, आणि पाणी वाळलं की क्षार विटेचा पापुद्रा सोडवतात. यावर जुना उपाय म्हणजे पाण्यालगतचे थर कठीण, कमी पाणी पिणाऱ्या दगडाचे ठेवायचे आणि विटांच्या सांध्यांत चुना वापरायचा. चुन्यातून ओल बाहेर पडते. विसाव्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंट भरलं गेलं, तिथे ओल आत कोंडून जुन्या विटा फुटल्याची उदाहरणं साऱ्या युरोपभर आहेत. आपल्याकडच्या जुन्या वास्तूंची डागडुजी पाहिली की हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटतं.

म्हणजे ओल नसते असं नाही. असतेच. या वाड्यांत राहणं फारसं सुखाचं नसावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दगड नाही, म्हणून वीट

चांगला कठीण दगड फ्लँडर्सच्या सपाटीत मिळत नाही. तुर्नेचा निळसर-राखाडी चुनखडक स्खेल्डे नदीतून होड्यांनी यायचा. बालेखेम, लेडे या भागांत पांढरट वालुकाश्म निघायचा. दोन्ही महाग. चिकणमाती मात्र हवी तेवढी. १३ व्या शतकात समुद्रकाठच्या मठांनी मोठमोठ्या विटा भाजायला सुरुवात केली आणि वीट हळूहळू साऱ्या प्रदेशाची झाली. पुढे फॅशन रुळली ती भिंत विटांची आणि खिडक्यांच्या चौकटी, कोपरे, आडवे पट्टे पांढऱ्या दगडाचे, अशी. काटकसरीतून जन्मलेली गोष्ट शोभेची ठरली.

तोफ आली आणि हिशेब बदलला

गेंटच्या शुक्रवार बाजाराजवळ रस्त्याच्या कडेला एक लाल रंगाची लोखंडी तोफ ठेवलेली आहे. लांबी सुमारे ५ मीटर, वजन सुमारे १२ टन. १५ व्या शतकातली ही तोफ दगडी गोळे फेकायची. एवढं धूड हलवणं म्हणजेच एक मोहीम, पण तिच्या लहान बहिणी लवकरच आल्या आणि त्या हलवायला सोप्या होत्या. उंच, सरळ, विटांचा बुरूज तोफेपुढे म्हणजे आयतं लक्ष्य. आणि तोफेला खंदक ओलांडावाच लागत नाही. ती काठावरूनच बोलते.

संरक्षणाचं शास्त्र त्यामुळे उलटं झालं. उंच बांधू नका, बुटकं बांधा. पातळ भिंत नको, मातीचा जाड भराव हवा, म्हणजे गोळा रुतून बसेल. गोल बुरूज नको, चांदणीसारखे टोकदार कोन हवेत, म्हणजे प्रत्येक बाजूवर दुसरीकडून मारा करता येईल. तेव्हा हा प्रदेश स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता; त्याचा सेनापती ड्यूक ऑफ आल्बा याने १५६७ मध्ये अँटवर्पला असा पाच टोकांचा कोट बांधायला घेतला. त्याचा खर्च राजाच्या खजिन्यालाच झेपणारा. खेड्यातला जहागीरदार त्यात कुठेच बसत नव्हता.

या सगळ्या गोष्टीतला हा सगळ्यांत महत्त्वाचा वळसा आहे. तोवर किल्ला आणि घर ही एकच इमारत होती. सरदार जिथे राहायचा तिथूनच लढायचा. १६ व्या शतकात ही दोन कामं वेगळी झाली: किल्ला राज्यसत्तेचा झाला आणि सरदाराकडे उरलं घर. आता त्या घराला मनोरे आणि खंदक हवेतच कशाला?

एका व्यापाऱ्याने उभा केलेला सरदारी वाडा

ओयडोंकचा जुना किल्ला नेव्हेलेच्या जहागीरदारांचा. तो १४९१ मध्ये माक्सिमिलियनच्या काळातल्या लढायांत उद्ध्वस्त झाला आणि पुन्हा उभा राहिला. १६ व्या शतकात तो मोंमोरान्सी घराण्यातल्या फिलिपकडे होता. इतिहास त्याला 'काउंट हॉर्न' म्हणून ओळखतो. स्पेनच्या राजाच्या धार्मिक कडकपणाला विरोध केल्याबद्दल काउंट एग्मोंट हा दुसरा सरदार आणि काउंट हॉर्न या दोघांचं ५ जून १५६८ रोजी ब्रसेल्सच्या मुख्य चौकात मुंडकं उडवलं गेलं. हुकूम आल्बाचा.

देशात बंड पेटलं. १५७७ ते १५८४ या काळात गेंट कट्टर कॅल्विनपंथी प्रोटेस्टंटांच्या ताब्यात होतं, आणि त्यांच्या माणसांनी ओयडोंक पुन्हा उद्ध्वस्त केला. अशा युद्धात हिशेब सोपा असतो: शत्रूच्या हाती लागू शकेल असा कोट शहराजवळ शिल्लक ठेवायचा नाही. १५८४ मध्ये स्पेनने गेंट परत घेतलं, १५८५ मध्ये अँटवर्प. हजारो प्रोटेस्टंट व्यापारी-कारागीर उत्तरेला, आजच्या नेदरलँड्सकडे निघून गेले. मागे उजाड शेतं, जळकी गावं आणि कर्जात बुडालेली सरदार घराणी राहिली.

जमीन स्वस्त झाली होती आणि काही जणांकडे पैसा होता. अँटवर्पच्या देला फाय या धनाढ्य व्यापारी घराण्यातल्या मार्टिन देला फायने ही जहागीर विकत घेतली आणि भग्न किल्ल्याच्या जागी आजचा वाडा उभारला. सुमारे १५९५.

त्याला काय विकत मिळालं? नुसती शेतं नव्हेत. जहागिरीबरोबर हक्क येत: गावात न्यायदान करायचा, काही वसुल्या घ्यायचा, शिकारीचा. आणि नावापुढे 'अमुक गावचा स्वामी' असं लावायचा. पैसा अँटवर्पच्या वखारीत मिळाला होता. मान मात्र त्या काळी जमिनीतूनच मिळायचा, आणि तोही जमीन जुनी, नावाजलेली असेल तर. अशा माणसाने सगळं पाडून सपाटीवर सुटसुटीत, कोरडी, आधुनिक हवेली बांधली असती तर ती एका श्रीमंत माणसाची हवेली ठरली असती. त्याने खंदक राखला, कोपऱ्यांवर गोल मनोरे दिले, दरवाजाची इमारत आणि पूल ठेवला. पाहणाऱ्याला वाटावं, इथे पिढ्यान् पिढ्या राज्य करणारेच राहतात. लढाईसाठीचा खंदक आता खानदानासाठी कामाला आला.

मात्र राहायचं होतं स्वतःला. म्हणून जंग्यांच्या जागी दगडी चौकटींच्या मोठ्या खिडक्या आल्या, मनोऱ्यांवर फुगीर कळस आले, छपराच्या टोकाला पायऱ्यापायऱ्यांच्या त्रिकोणी भिंती आल्या. गोल मनोऱ्याला खिडकी पाडली की तो बुरूज राहत नाही, गोल खोली होते. ओयडोंकमध्ये नेमकं हेच घडलं आहे.

हा एकट्या देला फायचा सोस नव्हता. चित्रकार रुबेन्सने १६३५ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, अँटवर्पमधलं आपलं देखणं घर असताना मेखेलनजवळ एलेवेट इथे खंदक आणि बुरूज असलेला एक वाडा जहागिरीसकट विकत घेतला. सकाळच्या उजेडातलं त्याचं मोठं चित्र त्याने रंगवलं, ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. वाडा चित्राच्या डाव्या कडेला झाडांत अर्धा लपलेला आहे आणि बाकी सगळा कॅनव्हास शेतं, ओढे, क्षितिज. आपण काय विकत घेतलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण काळ लढाईचाच होता ना?

हा आक्षेप रास्त आहे. स्पेन आणि उत्तरेकडचे बंडखोर प्रांत यांचं युद्ध १६०९ ते १६२१ चा तह सोडला तर १६४८ पर्यंत चाललं. पगार न मिळालेले सैनिक आणि लुटारू टोळ्या खेड्यांतून हिंडत होत्या. तोफा घेऊन आलेल्या फौजेपुढे ओयडोंकचा खंदक टिकला नसता. पण रात्री आलेल्या वीस जणांच्या टोळीसाठी पूल बंद केला की काम भागायचं. या कारणाने गावोगावच्या मोठ्या शेतकऱ्यांनीही आपल्या घरांभोवतीचे खंदक बुजवले नाहीत. तेव्हा केवळ दिखावा म्हणून खंदक मोडीत काढता येणार नाही. पण टोळीसाठी मनोरे लागत नाहीत, शोभिवंत कळस तर नाहीच. तिथे मानाचाच हिशेब होता.

'स्पॅनिश-फ्लेमिश' म्हणजे किती स्पॅनिश?

ओयडोंकच्या शैलीला स्पॅनिश-फ्लेमिश म्हटलं जातं. त्यावरून स्पेनमधल्या कमानी आणि अंगणं डोळ्यांपुढे येत असतील तर ती पुसून टाका. पायऱ्यांच्या त्रिकोणी भिंती, विटा आणि पांढऱ्या दगडाची जोडी, उभट छपरं हे सगळं स्थानिक आहे. त्यात इटलीहून आलेल्या नव्या वळणाची, म्हणजे सममिती, खांब आणि नक्षी यांची भर. स्पॅनिश होतं ते राज्य. ज्या काळात ही शैली बहरली त्या काळाचं नाव तिला चिकटलं, एवढंच.

हे सगळं जुनं आहे, की जुन्यासारखं केलेलं?

दोन्ही, आणि प्रमाण वाड्यागणिक बदलतं. १७९५ मध्ये क्रांतीनंतरच्या फ्रान्सने हा सगळा प्रदेश जोडून घेतला आणि जहागिरीचे हक्क रद्द केले. वाडे केवळ मालमत्ता उरले. ज्याच्या हाती जे आलं त्याने ते वापरलं: गेंटचा ग्राव्हेन्स्टेन आणि बेर्सेल या दोन्ही ठिकाणी १९ व्या शतकात सूतगिरण्या चालल्या. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर नव्या देशाला जुना इतिहास हवासा झाला आणि डागडुजीची लाट आली. ग्राव्हेन्स्टेनचं आजचं रूप बरंचसं १८९३ नंतरच्या दुरुस्तीतलं आहे. मध्ययुग कसं दिसायला हवं होतं, याची १९ व्या शतकाची कल्पना त्यात मिसळली आहे. ब्रसेल्सजवळच्या गासबेकच्या बाबतीत तर मालकीणबाईंनी १८८० च्या दशकाच्या शेवटी जवळजवळ नाटकाचा देखावा उभारावा तशी दुरुस्ती करवली आणि १९२१ मध्ये वाडा देशाला देऊन टाकला.

ओयडोंक १८६४ मध्ये ट किंट दे रोडेनबेके घराण्याकडे आला. बाहेरचं रूप १६ व्या शतकाचं राहिलं, आतल्या खोल्या बऱ्याच अंशी १९ व्या शतकाच्या चवीने सजल्या. आतून-बाहेरून एकच काळ पाहायचा असेल तर लुव्हेनजवळचा होर्स्ट पाहावा. तिथे १६५५ मध्ये हान्शे या कारागिराने केलेली चुन्याची छतं आहेत, आकृत्या छतापासून सुटून खाली झुकलेल्या. शेवटच्या मालकिणीनंतर १७ व्या शतकापासून तिथे कायमचं असं कुणी राहिलं नाही, आणि म्हणून कुणी फॅशनप्रमाणे बदलही केले नाहीत. दुर्लक्ष हाही जतनाचा एक मार्ग असतो, छप्पर टिकलं तर.

आता पाणीच कमी पडतं

फ्लँडर्स म्हणजे पाणीच पाणी, हा समज आता तितका खरा नाही. दाट वस्ती, डांबर आणि काँक्रीटने झाकलेली जमीन, सरळ केलेले ओढे यांमुळे पावसाचं पाणी मुरण्याआधीच समुद्राला मिळतं. दरडोई पाण्याच्या बाबतीत हा प्रदेश युरोपातल्या सर्वांत तुटीच्या प्रदेशांत मोडतो. २०१८, २०१९ आणि २०२० असे लागोपाठ तीन उन्हाळे कोरडे गेले. २०२२ पुन्हा तसाच. भूजल खाली गेलं की खंदक खाली जातो, आणि शेकडो वर्षं पाण्याखाली असलेल्या लाकडी खांबांच्या डोक्याला हवा लागते. बुरशीला हवं ते सगळं मिळतं. वरची भिंत तडकेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. सपाटीवरच्या जुन्या इमारतींची काळजी घेणाऱ्या अभियंत्यांचं लक्ष म्हणून छपराइतकंच भूजलाच्या पातळीवर असतं.

खर्चाचा प्रश्न आहेच. काही मालकांनी वाडे संस्थांकडे सोपवले. लार्नेचा राखाडी दगडी पाणकिल्ला १९५३ मध्ये ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेला दान मिळाला, बेर्सेलही अशाच संस्थेकडे गेला. रुबेन्सचा वाडा २०१९ मध्ये फ्लँडर्सच्या सरकारने विकत घेतला. ओयडोंक मात्र अजूनही खासगी राहतं घर आहे. हंगामात रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी तिकीट काढून आत जाता येतं. बाग त्यापेक्षा जास्त दिवस उघडी असते.